साहेबाची फेरी

माझी धाकटी नणंद शाळेचे गणवेश शिवते. चाळीस वर्षं मशीनवर वाकून पाठीची कमान झाली, टाका मात्र अजून सरळ. शिवलेले गठ्ठे गाडीतून दुकानांत पोचवायचं काम तिच्या नवऱ्याचं, म्हणजे आमच्या नंदाव्यांचं. शेजारच्या सीटवर त्यांचा कुत्रा. तोंड खिडकीबाहेर, कान वाऱ्यावर, आणि ऐट अशी की गाडी ह्याच्या मालकीची आणि नंदावे पगारी ड्रायव्हर. म्हणून त्याचं नाव साहेब.

नंदाव्यांना जाऊन आठ दिवस झाले. साहेबानं अन्न सोडलं त्यालाही आठच. पाणी तेवढं चाटायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही, पण अजून दोन दिवस असाच राहिला तर हाती लागायचा नाही.

"वहिनी, एक गेलं ते गेलं," नणंद म्हणाली. "हाही गेला तर मी घरात ओरडू कुणावर?"



गाडीचं दार उघडलं की साहेब धडपडत चढायचा, आपल्या जागी बसून स्टिअरिंगकडे बघत राहायचा. तासाभरानं मुकाट उतरायचा. शेवटी साहेबाला फेरी मारून आणायला कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो ड्रायव्हरच्या जागी बसायला गेला, तर अंगात त्राण नसलेल्या साहेबानं त्याची बाही दातात धरली.

"काकू, हा मला बसू देत नाही. तुम्हीच बसा."

"मला कुठं येते गाडी?"

"मशीन येतं ना? हेही पायानंच चालतं."

इथंच त्यानं घोळ केला. नणंद बसली. साहेबानं तिचा वास घेतला आणि गप्प राहिला. मी मागे, मुठीत सोललेलं उकडलेलं अंडं. गॅरेजवाला बाहेरून खिडकी धरून शिकवू लागला. गाडी हलली मात्र, नणंद घाबरली आणि तिनं दोन्ही पाय उचलले. मशीनवर पाय उचलला की सुई जागच्या जागी थांबते. इथं क्लच सुटला, गाडीनं उडी मारली, फाटकाचा खांब वाकवला आणि बंद पडली.

"काकू, थांबायला ब्रेकवर पाय दाबायचा. उचलायचा नाही."

"चाळीस वर्षांची सवय, दोन मिनिटांत जाईल का रे?" तिनं पुन्हा किल्ली फिरवली. साहेबानं मान सीटवर टाकली होती.

तीनदा असंच झालं. चौथ्यांदा गाडी रस्त्याला लागली. रस्ता बंद पडलेल्या कारखान्यामागचा, चिटपाखरू नाही. गॅरेजवाला खिडकीला धरून बरोबर चालत होता. साहेब हलेना.

"त्याला वारा हवा," मी म्हणाले.

"वाऱ्याला वेग लागतो, वहिनी. माझा जीव जातोय."

"जाऊ दे. डोळे तेवढे मिटू नकोस."

तिनं ॲक्सिलरेटर दाबला. गॅरेजवाला आधी पळाला, मग मागे राहिला, मग ठिपक्याएवढा झाला. साहेबानं मान उचलली. पुढचे पाय दारावर टेकले, तोंड बाहेर काढलं. कान उडाले. शेपटी सीटवर आपटायला लागली, गादी झटकावी तशी. मी दोन सीटांमधून हात पुढे केला. वळून त्यानं अर्धं अंडं खाल्लं, वर माझी बोटं चाटली.

"खाल्लं गं," मी म्हणाले.

नणंदेनं मागे पाहिलं नाही. डोळ्यांतून धारा, नजर रस्त्यावर. तशीच म्हणाली, "वहिनी, वळवायची कशी ते त्यानं सांगितलंच नाही."

"मग सरळ चालव. अजून अर्धं अंडं आहे."