घागमामांची जोड

कुणी रामराम केला की घागमामा त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. पाय ओले दिसले तर मान हलवायचे. कोरडे दिसले तर म्हणायचे, "पाय धुवन ये." माझा रामराम त्यांनी किती दिवस माझ्या पायांकडे बघूनच घेतला, ते आता आठवत नाही. मला मात्र तेव्हापासून कुणाला रामराम करताना आधी स्वतःचेच पाय बघायची सवय लागली, आणि त्या सवयीचा मला अजून राग येतो.

लालबागला दोन चाळींच्या मधल्या बोळात आमची ती तालीम होती. पत्र्याचं छप्पर, मधोमध लाल मातीचा हौदा, एका अंगाला मल्लखांब, भिंतीला टेकून ठेवलेल्या मुदगलांच्या जोड्या आणि कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती. टायफॉइडनं माझं अंग पार उतरलं होतं. परळच्या वर्कशॉपात फिटरची नोकरी करायची तर हातात जोर हवा, म्हणून मी तिथं जायला लागलो. घागमामा जवळच्याच गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. देवगडकडचे. छाती दारासारखी, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेल्या. तालमीचे वस्ताद म्हातारे झाले होते, नुसते खुर्चीत बसून असत. हौद्यात कोण कुणाशी लढणार हे घागमामाच ठरवत.

पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "खंयचो तू?"

"नायगावचा. बी.डी.डी. चाळीतला."

"गाव इचारतंय मी."

मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. बाजूला तेल चोळत बसलेल्या सावंतांचा हात थांबला. त्यांच्याशेजारी राणे होते, ते जरा सरकून बसले. आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो, आणि गावाच्या नावामागून आडनाव आलं की लोकांना पुढचं आपोआप कळायचं. कुणी नको म्हटलं नाही. त्या दिवसापासून माझं नाव मात्र 'नायगाव' पडलं.

नको म्हणाले असते तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. मी मुदगलाला हात घातला की सावंत म्हणायचे, "ती जोडी लागलीय." दुसरीकडे वळलो की तीही लागलेली असायची. मी डबलबारपाशी गेलो की राणे तिथून निघून जात, रागानं नव्हे, काहीतरी काम आठवल्यासारखे. सगळे एकमेकांची थट्टा करत, गिरणीतल्या जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, नकला करत, आणि मी आत शिरलो की पंख्याचं बटण बंद केल्यासारखं बोलणं मंदावत जाई. मी कोपऱ्यात दंड-बैठका मारत राहायचो.

मला कुस्ती शिकायची होती. कुस्तीला समोर जोड लागते, म्हणजे आपल्या वजनाचा, आपल्याशी भिडणारा माणूस. मी घागमामांना विचारलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "तुका जोड नाय." माझ्याच वजनाची तीनचार पोरं समोर लंगोट कसत उभी असायची. त्यांच्याकडे मी बोट दाखवलं तर म्हणायचे, "तोंडान कुस्ती होणा नाय. बैठका मार."

आई म्हणायची, "जिथं कुणी बस म्हणत नाही तिथं कशाला जातोस रे?" तिला काय सांगणार? मला हौद्याबाहेर उभं राहून बघायचा कंटाळा आला होता, पण त्याहून जास्त कंटाळा हार मानायचा आला होता.

आणि तरी सांगतो, बघण्यासारखा माणूस होता तो. घागमामा हौद्यात उतरले की आधी माती कपाळाला लावत, मग समोरच्याचा दंड असा धरत की जणू बाजारात फणस पिकलाय का बघताहेत. दमलेल्या पोराला ओरडत, "आदी बघ, मगे उचल! मेल्या, डोळे काय लग्नाक ठेवलंस?" मी कोपऱ्यातून ते सगळं ऐकायचो आणि माझ्या अंगावर करून बघायचो, एकटाच, हवेशी.

त्या काळात आठवड्याला मोर्चे निघत. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, या घोषणेनं लालबाग-परळच्या भिंती रंगल्या होत्या. अशाच एका मोर्च्याला तालीमच्या तालीम निघाली. मीही त्यांच्यात शिरलो. कुणी बाजूला सरकलं नाही. सावंतांचा खांदा माझ्या खांद्याला घासत होता, आम्ही एका दमात ओरडत होतो, आणि मला वाटलं, सुटलं एकदाचं. नाक्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. मला काही दिसेना. कुणीतरी माझं मनगट पकडलं आणि ओढत एका चाळीच्या जिन्याखाली नेलं. घागमामा होते. तिथल्या नळावर त्यांनी आपला पंचा भिजवला, माझ्या डोळ्यांवर दाबला आणि म्हणाले, "चोळू नको. गप रव." आम्ही दोघं तिथं गुडघ्याला गुडघा लावून बसलो. त्यांचा श्वास माझ्या गालाला लागत होता.

दुसऱ्या दिवशी मी अक्षरशः उड्या मारत तालमीत गेलो. रामराम केला. त्यांनी पायांकडे बघितलं.

"पाय धुवन ये."

मी पाय धुऊन आलो. म्हटलं, "मामा, आज कुस्ती."

"तुका जोड नाय."

माझा तोल गेला. "काल तुमचा पंचा माझ्या डोळ्यांवर होता ना? काल सावंतांना माझा खांदा चालला, आज चालत नाही? मग काल कशाला हात धरलात? राहू द्यायचं होतं तिथंच!"

वस्ताद खुर्चीत खाकरले. राणे मारुतीकडे बघू लागले. घागमामांनी पुन्हा माझ्या पायांकडे बघितलं. मग म्हणाले, "रस्तो सगळ्यांचो. तालीम तशी नाय."

मी घरी आलो आणि जेवलो नाही. पण सकाळी पुन्हा गेलो. त्यानंतर रोज गेलो. रामराम करायचं सोडून दिलं. पाय धुवायचे, कोपरा गाठायचा, बैठका मारायच्या, घामानं फरशीवर ठसा उमटला की निघायचं. तो हट्ट होता, दुसरं काही नाही.

पावसाळा सरल्यावर एका सकाळी घागमामा हौद्यात एकटेच उतरले. माती कपाळाला लावली आणि कोपऱ्याकडे वळून म्हणाले, "नायगाव, उतर."

मला वाटलं, थट्टा करताहेत. "कोण जोड?"

"मी काय मेलंय?"

मी उतरलो. त्यांच्यासमोर मी म्हणजे काडी. त्यांनी माझा दंड धरला, मान खाली दाबली, आणि कळायच्या आत मी पाठीवर होतो, तोंडात माती. त्यांनी मूठभर माती माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "उठ. परत." पुन्हा पाडलं. पुन्हा उठवलं. मी मान वर केली तेव्हा सावंत आणि राणे कपडे घालत होते. दोघं बाहेर पडले. घागमामा होते तोवर पुन्हा आले नाहीत.

घागमामा रोज माझ्याशी लढू लागले. शिकवत, शिव्या देत, पाडत. चांगला शब्द एकही नाही. माझं खरं नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. "का उतरलात मामा?" असं मी विचारलं की "गप रव" एवढंच.

पुढे त्यांना दम्यानं धरलं. गिरणीत कापसात आयुष्य गेलेलं. डॉक्टरनं गावी जा म्हणून सांगितलं. भाऊच्या धक्क्यावर त्यांची ट्रंक मी उचलली. बोट लागायला वेळ होता. मी शेवटचं विचारलं, "मामा, तेव्हा नाही म्हणालात आणि मग उतरलात. काय झालं मधे?"

"माका म्हायत नाय," ते म्हणाले. मग समुद्राकडे बघत, तक्रार करावी तसे म्हणाले, "सावंताक तीन येळा बोलवणा धाडलंय. इलो नाय. रस्त्यात भेटलो तरी तोंड फिरवता. ल्हानपणापासनाचो जोडीदार माझो. तो तुझ्यापायी गेलो."

मी संतापलो. "मग मी काय, माफी मागू तुमची?"

"माफी कित्याक? तालमीत जाय." आणि शिडीवर चढले.

ते गेले त्याच आठवड्यात सावंत आणि राणे तालमीत परत आले. राणे मारुतीला हात जोडत म्हणाले, "आता यायला हरकत नाही." मी मुदगल फिरवत होतो. ते मलाच उद्देशून होतं: आता मला हौद्यात उतरवणारं कुणी उरलं नव्हतं.

महाराष्ट्र राज्य झालं, लालबागला तोरणं लागली, पेढे वाटले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी देवगडहून घागमामा गेल्याची बातमी आली. तालमीत शोकसभा झाली. सावंत उठून बोलले, घागासारखा जोडीदार पुन्हा होणे नाही, आणि बोलता बोलता रडले. ते रडणं खोटं नव्हतं, म्हणूनच मला ते ऐकवेना. राणे बोलले. मग वस्ताद खुर्चीतून म्हणाले, "नायगाव, तूही दोन शब्द बोल."

मी उठलो. म्हटलं, "घागमामा माझ्याशी कधी सरळ बोलले नाहीत. पण या तालमीत मला हात लावून चीत करणारा तो एकच माणूस."

आणि खाली बसलो.