पिशव्यांपाशी

रविवारी दुपारी चहा पिता पिता नळदुर्गला जायचं ठरलं. थोरल्या भावाच्या मोबाइलवर कुणीतरी तिथल्या धबधब्याचा व्हिडिओ पाठवला होता. तो म्हणाला, "चला, आत्ताच निघू." आमच्या घरात इतक्या झटक्यात फक्त भांडण सुरू होतं, म्हणून मलाही हुरूप आला.

सगळ्यांत आधी आई तयार झाली. तिचं माहेर नळदुर्गच्या पलीकडचं. लग्न झाल्यापासून माहेरी जाता-येता तिनं एसटीच्या खिडकीतून किल्ल्याचा तट बघितलेला. आत पाऊल कधी पडलं नाही. धरणाच्या भिंतीच्या पोटात महाल आहे आणि त्याच्या खिडकीत उभं राहिलं की समोर पाणी कोसळतं, हे ती पोरवयापासून ऐकत आली होती.

"एकदा त्यो पानीम्हाल बघायचाय," गाडीत ती म्हणाली.

"आज बघच," मी म्हणालो. मोठा दानशूर मी!

भाऊ, वहिनी, मी, माझी बायको आणि आई. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, पाण्याच्या बाटल्या. आईनं तासाभरात चार पिशव्या भरल्या होत्या. किल्ल्याच्या दरवाजासमोरच लिंबाखाली गाडी लावली. तटावर माकडं बसली होती. भाऊ म्हणाला, "पिशव्या आत नकोत, माकडं हिसकतात. आई, तू बस हितं जरा."

त्यानं विचारलं नाही, सांगितलं. आणि ती बसली. जत्रा असो, लग्न असो, दवाखाना असो, पिशव्यांपाशी आईच. आम्हाला त्यात काही वेगळं दिसायचंच नाही.

"अर्ध्या तासात येतो, मग मी बसतो, तू जा," मी म्हणालो.

"व्हय, जावा की. सावकाश या."

पाणीमहालात उतरायला रांग होती. खिडकीतून पाणी अंगावर आलं तेव्हा मी लहान पोरासारखा ओरडलो. फोटो काढले. आईची आठवण झाली नाही असं नाही, झाली. पण बायको म्हणाली, बुरुजावर जाऊ या, आणि भाऊ पुढे निघालाही होता. वरच्या तोफेपाशी पुन्हा फोटो. खाली आलो तेव्हा किल्ला बंद करायला पहारेकरी शिट्टी मारून लोकांना बाहेर काढत होता. अडीच तास झाले होते.

आई त्याच दगडावर होती. चारही पिशव्यांचे बंद मनगटात अडकवलेले. बाटल्या भरलेल्या, पण तिनं घोटभरही पाणी प्यायलं नव्हतं. "मधीच जायला लागलं तर पिशव्या कुनी बघायच्या?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं. पुढच्या बारीला. पान्याचा आवाज येत हुता की हितं."

आम्ही भाकरी खाल्ली. तिनं सगळ्यांना वाढलं. आम्ही निमूट वाढून घेतलं, याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या दिवशी आमच्या पेठेतल्या शेजारणीनं तिला विचारलं, "म्हाल बगितला का, काकू?"

"बगितला की," आई म्हणाली. "लई पानी हुतं. पोरांनी हाताला धरून न्हेलं मला."

मी आतल्या खोलीत होतो. बाहेर येऊन खरं सांगायला तोंड नव्हतं. आमची लाज तिनं झाकली आणि मी ती झाकू दिली.

पुढची बारी आली नाही. त्याच हिवाळ्यात आई गेली. तेराव्याला भाऊ पाहुण्यांना सांगत होता, "शेवटी शेवटी नळदुर्गला नेऊन आणलं तिला." मीही मान डोलावली.

यंदा पाऊस चांगला झाला, तसा त्यानं पुन्हा बेत काढला. नको नको म्हणत मीही गेलो. तोच लिंब, तीच माकडं. भाऊ सवयीनं म्हणाला, "पिशव्यांपाशी कोण बसतंय?"

तो दगड तिथंच होता. वहिनीनं माझ्या बायकोकडे बघितलं, बायकोनं माझ्याकडे.

मग भावानं डिकी उघडली, पिशव्या आत टाकल्या आणि किल्लीचं बटण दाबलं. गाडीला कुलूप लागलं. सगळ्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.