तात्यांचा पहिला म्हाळ

माझ्या मावसभावाइतक्या वेळा जन्माला आलेला माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत दुसरा निघायचा नाही. तुम्हीआम्ही एकदा जन्मतो, पदरी पडलं पवित्र झालं म्हणतो आणि त्याच नाकाडोळ्यांनिशी शेवटपर्यंत रेटतो. आमच्या बंधुराजांना हे मान्यच नव्हतं. "गड्या, सदरा इटला की आपन बदलतो, मग सभाव का बदलायचा न्हाई? आन् जल्म तरी एकच का म्हून?" असं तो मला शाळेत असताना विचारायचा आणि मी खुळ्यासारखा त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो. बरं, नुसतं बोलून थांबेल तर तो आमचा भाऊ कसला! वर्ष-सहा महिन्यांनी जुना माणूस उतरवून ठेवायचा आणि नवा चढवायचा. भांग डावीकडून उजवीकडे जायचा, सही बदलायची, चाल बदलायची, हसण्याचीसुद्धा तालीम व्हायची. इस्लामपूरजवळच्या त्यांच्या घरी, पारा उडालेल्या आरशापुढे उभा राहून तो 'हॅ हॅ'चं 'हं हं' करत असलेला मी या डोळ्यांनी पाहिला आहे. चुलीपुढून मावशी ओरडायची, "आरं, उचकी लागली का काय? पानी पी की!"

पहिला मोठा धक्का मला रहिमतपुरात बसला. नात्यातलं लग्न होतं. मांडवात शिरता शिरता त्यानं माझ्या कानात सांगितलं, "आजपासनं मी अबोल मानूस. लय सोसलेला. काय सोसलं ते कुनाला सांगत न्हाई." आणि तोंडाला जे कुलूप लावलं ते लावलंच. इथवर ठीक होतं, पण पुढे पंगत होती! आमच्याकडे ताटावर हात आडवा धरणाऱ्याला आग्रह दुप्पट होतो. 'आवं बास, आईची आन' असं ओरडल्याशिवाय वाढपी हलत नाही. आता अबोल माणूस ओरडणार कसा? हा दोन्ही हात आडवे धरतोय, मान हलवतोय, आणि वाढपी म्हणतोय, "लाजतंय पोरगं, घाला अजून!" बुंदीचा डोंगर झाला. बोललं तर व्रत मोडतंय, टाकलं तर अन्नाचा अपमान, म्हणून पठ्ठ्यानं ते सगळं खाल्लं. डोळे पांढरे झाले, घाम फुटला, पण शब्द नाही. मांडवाबाहेर बैलगाडीत आडवा पडलेला त्याला बघून एक म्हातारे मला म्हणाले, "लय समजूतदार पोरगं हाय. कुनाचं रं?" मी कपाळावर हात मारून घेतला.

साताऱ्याला कॉलेजात गेल्यावर हा थेट पुण्याचा झाला. मी एस. टी.च्या टपावरून ट्रंका उतरवून घेतोय, तोवर हा हमालाला सांगतोय, "अहो, जरा जपून हं, आत काचेचं सामान आहे." आत मावशीनं दिलेल्या शेंगा आणि चटणी होती! तेवढ्यात त्याचे वडीलही बदलले. खरे वडील म्हणजे आमचे तात्या, गुळवे. गुऱ्हाळावर चुलवाणावरच्या मोठ्या काहिलीपुढे उभं राहून उसाचा रस आटवायचा आणि गूळ नेमका कवा उतरवायचा ते ठरवायचं, हे त्यांचं काम. हात त्यांचे चटक्यांनी भरलेले. ते साताऱ्यात एका रात्रीत कुठल्याशा कचेरीत साहेब झाले आणि टेबलाशी बसून सह्या करू लागले. मला ऐकून घाम फुटला. एका खऱ्या पुणेकर मुलानं विचारलं, "पुण्यात कुठं राहता?" बंधुराज म्हणाले, "नदीकाठी." "कोणत्या नदीच्या?" "कृष्णेच्या," असं ठोकून देऊन हा मोकळा झाला. शेवटी अजिंक्यताऱ्याच्या चढावर अंगठ्याला ठेच लागली आणि सगळ्या वर्गासमोर याच्या तोंडून बाहेर पडलं, "आयला, मेलू की रं!" पुणं तिथंच संपलं. पुढे परीक्षेत पुण्याचा मुलगा आणि इस्लामपूरचा मुलगा असे दोघेही नापास झाले.

म्हणून मग सांगली गाठली. मी पास झालो होतो, पण मावशीनं गळ घातली, "तू संगं ऱ्हा बाबा, तुझं तेवढं ऐकतंय ते." माझं ऐकतंय म्हणे! तरी मी गेलो. लढाई नुकतीच संपली होती. आमच्या भागात घरटी एखादा तरी पलटणीत, त्यामुळे जो तो लढाईचंच बोलत होता. आम्ही ज्यांच्याकडे खोली बघायला गेलो त्या काकूंना मूलबाळ नव्हतं. मोठ्या प्रेमळ, पण सोवळ्याओवळ्याच्या, सणवाराच्या भारी काटेकोर. त्यांनी सहज विचारलं, "वडील काय करतात रे बाळ?" बंधुराजांनी मान खाली घातली. मग घोगऱ्या आवाजात म्हणाला, "लढाईत गेले."

माझ्या पायाखालची जमीन सरकली! आदल्याच दिवशी तात्यांनी आम्हाला स्टँडवर सोडलं होतं, उसाची कांडी सोलून दिली होती, गाडी हलेपर्यंत "आब्यास करा रं" म्हणून ओरडत होते. आणि हा त्यांना मारून मोकळा! काकूंच्या डोळ्यांना धार लागली, आणि याच्याही. आणि ती खोटी नव्हती, हेच मला कळेना. खोलीत आल्यावर मी त्याची गचांडी धरली. "आरं, बाप हाय तो तुझा!" तर हा शांतपणे म्हणतो, "व्हय, पर बाप आसा पायजे की नाव काडल्यावर समोरचा हुबा ऱ्हाईल. गुळव्या म्हनल्यावर कोन हुबं ऱ्हातंय?" वर मला आईची शपथ घातली, कुणाला सांगायचं नाही म्हणून.

मग काय विचारता! रोज सकाळी काकूंकडून पेलाभर दूध यायला लागलं. गल्लीतल्या गणपतीत आरतीचं ताट याच्या हातात. तरुण मंडळींनी नारळ देऊन सत्कार केला, त्यात यानं तात्यांची शेवटची लढाई अशी काही वर्णन केली की माझ्याही अंगावर काटा आला. क्षणभर मलाच वाटलं, अरेरे, गेले की तात्या! आणि या सगळ्यात रोज दुपारी इस्लामपूरच्या गाडीनं आमचा डबा येत होता. त्या काळी शिकणाऱ्या पोरांचे डबे असेच एस. टी.नं यायचे. गावात आईनं कंडक्टरच्या हातात द्यायचा, आम्ही स्टँडवर उतरवून घ्यायचा, आणि आदल्या दिवशीचा रिकामा परत पाठवायचा. मावशीला लिहितावाचता येत नव्हतं. रिकामा डबा आला की पोरं जेवली, बरी आहेत, एवढं तिला पुरायचं. डब्यात गुळाचा खडा हटकून असायचा. तो काकूंना फार आवडायचा. "काय गूळ आहे रे! कोण करतं?" बंधुराज म्हणायचे, "चुलते." म्हणजे मेलेल्या माणसाचा ताजा गूळ सगळं घर चवीनं खात होतं आणि माझा घास घशाखाली उतरत नव्हता.

आणि पितृपंधरवडा लागला.

त्या पंधरवड्यात सांगलीत घरोघर म्हाळ, आणि शिकायला राहिलेली आम्ही पोरं आयती जेवायला. रोज कुणाकडे तरी पान. डबा तसाच राहायला लागला. मी म्हटलं, "दे कुनाला तर." तर हा म्हणाला, "आईच्या हातची भाकरी मी दुसऱ्याला देत न्हाई, आन् टाकीत तर न्हाईच न्हाई." आणि भरलेला डबा तसाच परत धाडायचा! बघा, बापाला मारताना याचा हात थरथरला नाही, पण आईची भाकरी टाकवेना. तिकडे मावशीला काय वाटत असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

एका सकाळी काकू म्हणाल्या, "बाळ, उद्या चतुर्दशी. लढाईत गेलेल्यांची तिथी. तुझ्या वडिलांचं पान आपल्याच घरी वाढू. मी सगळं करते, तू फक्त बस." बंधुराजांचा चेहरा असा पांढराफटक पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. पोट दुखतंय म्हणून झालं, सुतक आहे का बघावं लागेल म्हणून झालं. काकू ऐकतात कसल्या! "लेकानं बापाला घास ठेवायचा नाही तर कुणी ठेवायचा?" म्हणाल्या. रात्रभर हा माणूस अंथरुणावर बसून होता. मी म्हटलं, "सांगून टाक." म्हणाला, "आता कुठल्या तोंडानं?"

दुसऱ्या दिवशी खीर, वडे, आळूची भाजी, सगळं साग्रसंगीत. परसातल्या भिंतीवर केळीच्या पानात घास ठेवला. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही. आणि कावळा काही येईना! एरवी त्या परसात कावळ्यांची जत्रा असायची. काकू म्हणाल्या, "काहीतरी इच्छा राहिलीय त्यांची. बोल बाळ." हा हात जोडून म्हणाला, "मी... मी पास होईन." कावळा नाही. "मी पलटणीत जाईन." नाही. मी मनात म्हणतोय, अरे बाबा, माणूस जिवंत असल्यावर कावळा शिवेल कसा?

तेवढ्यात परसाच्या दारातून हाक आली, "हायसा का घरात?"

दारात मावशी. हातात डबा, कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. भरलेले डबे परत आलेले बघून बाई पहिल्या गाडीनं निघाली होती. लेक धडधाकट दिसल्यावर तिथंच उंबऱ्याला टेकली. "जेवत का न्हाईस रं? माझा जीव नुसता टांगनीला लागला." काकू पुढे आल्या, मावशीकडे बघितलं, कुंकवाकडे बघितलं. "या... आपण कोण?" आणि आमच्या बंधुराजांच्या तोंडून निघालं, "ही माझी मावशी."

अहो, मावशी माझी! त्याची आई! मला भोवळ यायची बाकी राहिली. मावशीनं त्याच्याकडे बघितलं. भिंतीवरचं पान बघितलं. "कुनाचा म्हाळ हाय?" तिनं विचारलं. काकू म्हणाल्या, "याच्या वडिलांचा हो. गेले ना लढाईत." मावशीनं पदर डोक्यावर नीट घेतला आणि म्हणाली, "व्हय. मी मावशीच." लेकाचा शब्द तिनं पडू दिला नाही.

आणि नेमका तेव्हा कावळा आला. भिंतीवर बसला, एक उडी मारली, दुसरी मारली. काकूंनी हात जोडले. "आले बाई, आले!" कावळ्यानं चोच खाली नेली आणि मावशी किंचाळली, "हाऽड! हाऽड मेल्या!" धावली, पदराचा शेव फिरवत धावली. डबा पडला, भाकऱ्या परसभर झाल्या. कावळा उडाला, तरी ती भिंतीपाशी उभी राहून हातवारे करत ओरडत होती, "जा! हितं कोन न्हाई मेलं! माझा मालक जित्ता हाय! जा म्हनते ना!" मग ते पान तिनं दोन्ही हातांनी ओढून घेतलं, पोटाशी धरलं आणि मटकन खाली बसली.

बंधुराज भाकऱ्या गोळा करत होते. एकेक फुंकर मारून पुसत होते. मावशी त्याला म्हणाली, आणि रागानं नाही म्हणाली, "तुला काय व्हायचं त्ये हो बाबा. मला मावशी म्हन, मोलकरीन म्हन. पर त्यास्नी ऱ्हाऊ दे."

काकूंनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही. सगळ्यांची पानं वाढली, मावशीला आपल्या शेजारी बसवलं. जाताना तिची ओटी भरली, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "हे असंच राहू दे हो." मात्र दूध दुसऱ्या दिवसापासून बंद झालं.

तात्यांना हे कळलं तेव्हा ते एवढे हसले, एवढे हसले की मला भीती वाटली. गुऱ्हाळाच्या हंगामात आम्ही दोघं गेलो, तर काहिलीपुढून मला म्हणाले, "काय रं, माझ्या म्हाळाला जेवलास म्हनं? खीर कशी झालती? आन् मला आवतान न्हाई व्हय!" मग लेकाकडे बघून म्हणाले, "बाकी लढाईत मारलंस ते ब्येस केलंस गड्या. मी हितंच चुलवानाम्होरं मरनार. त्याचं कौतुक कोन सांगनार?" मी हसलो. बंधुराज हसले नाहीत. त्यांनी सदरा काढून ठेवला आणि तात्यांच्या हातातलं फावडं घेतलं. त्यानंतर मी वाट बघितली, पण तो नव्यानं जन्माला आला नाही. भांग पाडायचंच सोडून दिलं. खरं सांगतो, मला थोडी चुटपुट लागली.

एकोणीसशे साठचं दशक सरता सरता तात्या गेले; चुलवाणापुढेच, बसल्या जागी. दहाव्याला कृष्णाकाठी सगळी भावकी जमली. पिंड ठेवला आणि कावळा येईना. समोरच्या बाभळीवर बसून होता, पण उतरेना. कुणी म्हणालं बैल विकणार नाही, कुणी म्हणालं धाकट्या लेकीचं लग्न थाटात करू. कावळा ढिम्म. मावशी एका कडेला बसली होती. मोकळ्या कपाळाची ती मला ओळखूच येईना. हळूच म्हणाली, "मीच हाकललं हुतं न्हवं त्याला. म्हून रुसलाय." आणि लेकाला म्हणाली, "बोल की रं काय तर."

बंधुराज पुढे झाले. एवढे आवाज शिकलेला माणूस, त्याला आवाज फुटेना. शेवटी म्हणाला, "तात्या, मी गुळव्याचा पोरगा हाय. समद्यास्नी सांगतो म्या."

कावळा बाभळीवरून उतरला आणि पिंडाकडे निघाला. मावशीचा हात पदराच्या शेवासकट वर गेला. मग तिनं तो हळूच खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.