काचेवरच्या गोगलगायी

श्रुती काविळीनं गेली, तेव्हा तिच्या काचेच्या टाकीत तीन न्यूट होते. पालीसारखे दिसणारे, पण बेडकाच्या गोतातले, तांबड्या पोटाचे जीव. कळंब्याच्या आक्काताई कांबळेंना आधी त्यांची किळस यायची. आता लेकीनं वाढवलेलं तेवढंच जिवंत उरलं होतं.

अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या आक्काताई टाकीपाशीच बसू लागल्या. न्यूट उपाशी राहतील या धास्तीनं गांडुळाचे तुकडे जास्तच टाकायच्या. उरलेलं तळाशी कुजायचं. त्यावर गोगलगायी पोसायच्या. कुठल्याशा पाणवनस्पतीबरोबर आलेलं ते बारीक बेणं उन्हाळ्यापर्यंत इतकं माजलं, की काचेतून आतलं दिसेना. न्यूट एका कोपऱ्यात दाटीवाटीनं बसायचे.

धाकटा भाऊ केरबा म्हणाला, "आक्का, माशांच्या दुकानात औषध मिळतंय. चार थेंब टाकलं की सगळ्या खलास."

"न्हाय. यांची कातडीच पाणी पिती, असं श्रुती सांगायची. औषध-बिषध घालायचं न्हाय."

मे महिन्यात आक्काताई लग्नाला मुरगूडला गेल्या. किल्ली केरबाकडं होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या तर घरात उग्र वास. काच लख्ख. गोगलगायी तळाशी पडलेल्या, एकही हलत नव्हती. एक न्यूट पोट वर करून तरंगत होता. दुसरे दोघे तोंड वासून काचेवर चढायला बघत होते आणि घसरत होते.

"केरबा! काय घातलंस रं?"

"तुला बरं वाटावं म्हणून..." तो दारातच थिजला. "बाटलीवर माशांना चालतंय म्हणून लिवलंय की."

"हे मासं हाईत व्हय?"

बोलायला वेळ नव्हता. क्लोरीन उडून जावं म्हणून त्या नेहमी बादलीत पाणी उघडं ठेवायच्या. ते टबात ओतून त्यांनी दोघांना ओल्या हातांनी अलगद आत सोडलं, वर ओलं फडकं टाकलं. केरबानं मेलेल्या न्यूटसाठी पेरूच्या झाडाखाली खड्डा काढला. तो रडत होता. आक्काताईंना रडू आलं नाही.

टाकी रिकामी केली, वाळू फेकली, वनस्पती उपटल्या. तरी पंधरवड्यात काचेच्या कडेला गोगलगायींची चिकट अंडी दिसली. आता त्या खाणं मोजकंच देतात, उरलेलं लगेच काढतात. संध्याकाळी काकडीची फोड सोडतात, सकाळी तिला चिकटलेल्या गोगलगायींसकट उचलतात आणि परसात पुरतात. कळंब्याच्या तलावात टाकत नाहीत. हे बेणं तिथं पसरलं तर आवरणार कोण?

धाकटा न्यूट खायला लागलाय. मोठा मात्र पाण्यात उतरत नाही. दगडावर मान वर करून बसून असतो. सकाळी उठल्या उठल्या आक्काताई त्याच्याकडं जातात, आणि श्वासानं त्याचा गळा हललेला दिसेपर्यंत चुलीकडं वळत नाहीत.