दिल्लीमार्गे आलेला पानाचा डबा

हे तुम्हाला सांगावं की नाही, यात माझे दोन महिने गेले. पण सलीमभाईंच्या दुकानातून ही गोष्ट अर्ध्या रत्नागिरीत फिरलीच आहे, तर निदान माझ्या तोंडून तरी नीट ऐका. चहा घ्या. शेवटी गाढव मीच आहे, त्यामुळे मधे कोणाची बाजू घ्यायची काळजी नको.

तर मला जुन्या पितळेचा नाद. बँकेतून निवृत्त झालो आणि लागला. पानाचे डबे, अडकित्ते, चुन्याच्या डब्या! घरात पान कोणी खात नाही, हा मुद्दा आमची ही दिवसातून दोनदा काढते, तो सोडा.

गावात आम्ही तिघे असे नादिष्ट. सलीमभाई घड्याळं दुरुस्त करतात आणि जुनी घड्याळं जमवतात. कांबळे सर निवृत्त मास्तर, त्यांना धान्य मोजायच्या जुन्या मापांचं वेड. आणि मी. रोज संध्याकाळी सलीमभाईंच्या दुकानात बैठक, आणि बैठकीला विषय एकच: ती मेली ऑनलाइन लिलावाची साइट! नाव घेत नाही. तिच्याशिवाय दुसरा बाजारच उरलेला नाही, त्यामुळे नावाची गरजही नाही.

पूर्वी कसं होतं? हातखंब्याच्या भांडीवाल्याकडे जायचं, मोडीत आलेल्या ढिगात हात घालायचा, वस्तू उलटीपालटी करून बघायची आणि नको-नको म्हणत घरी आणायची. आता भांडीवाला आधी मोबाइल काढतो. "भाऊ, ह्याला ऑनलाइन काय भाव चाललाय बघितलात?" पोचे आलेला तांब्यासुद्धा शिवकालीन! बरं, साइटवरच घ्यावा, तर फोटो चार आणि चारही धूसर. विकणाऱ्याला काही विचारलं की उत्तर यंत्र देतं. कांबळे सरांनी पायली मागवली, आली ती फुलझाडाची कुंडी. परत पाठवायचा फॉर्म भरेपर्यंत मुदत संपली. सरांनी तिच्यात तुळस लावली आहे.

"आमची ही कल्ले उघडून बघितल्याशिवाय बांगडा घेत नाही," मी एकदा कडाडलो, "आणि आपण फोटो बघून पितळ घ्यायचं? बहिष्कार!"

तिघांनी शपथ घेतली. शपथेचा मसुदा माझाच होता. "मोडेल त्याने आपली सगळ्यात आवडती वस्तू या दुकानात ठेवावी" हे कलमही मीच हट्टाने घातलं. सलीमभाई म्हणाले, "भाऊ, एवढं कडक कशाला?" मी म्हटलं, "माणसाचा भरवसा नसतो!"

बारा दिवस शपथ पाळली. तेराव्या दिवशी तो डबा दिसला. आता तुम्ही विचाराल, बहिष्कार होता तर साइटवर काय करत होतात? अहो, घ्यायला बहिष्कार होता, बघायला नव्हता.

काय डबा होता! षटकोनी, झाकणावर मोर, अंगावर काळपट-हिरवी झाक. विकणारा दिल्लीचा. खाली लिहिलेलं: 'दोनशे वर्षं जुना, कोकणच्या राजघराण्यातला, आत प्राचीन लेख.' चौथ्या फोटोत आतलं तबक काढलेलं होतं आणि डब्याच्या तळाला खरंच काही अक्षरं ठोकलेली दिसत होती. म्हणजे ठिपके दिसत होते. अक्षरं मी मनाने बघितली.

खाऱ्या हवेत पितळ वीस वर्षांत दोनशेचं दिसायला लागतं, हे मीच गावभर सांगत असतो. त्या दिवशी नेमकं ते मला कोणी सांगितलं नाही.

हिला फोटो दाखवला. "हा कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो हो."

"म्युझियममध्ये बघितला असशील."

"मी कधी गेलेय म्युझियममध्ये?"

मी फोटो मोठा करून मोराची पिसं मोजायला लागलो.

पण एवढा मोठा शोध पोटात राहतो का? मी तो फोटो आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा, कोकणचा ठेवा दिल्लीला लिलावात! रविवारी जाईल कोणाच्या तरी घशात. माझा बहिष्कार असल्याने मी हात लावणार नाही.' चौदा जणांनी अंगठा दाखवला. जयगडला बंदरात कामाला असलेला माझा भाचा मंदार, एरवी वाढदिवसालाही उत्तर न देणारा, त्याने विचारलं, "मामा, नक्की घेत नाही ना तुम्ही?" मी लिहिलं, "शपथ म्हणजे शपथ."

आणि गुपचूप बोली लावली.

रविवारी दुपारी दोनला लिलाव संपणार होता. ताटात बांगड्याचं तिखलं गार होत होतं. मी बोली लावली की समोरून कोणीतरी लगेच वर जायचा. साइट पूर्ण नाव दाखवत नाही, एक एम, मधे तीन फुल्या आणि शेवटी आर. मुंबईचा व्यापारी असणार, माझी खात्रीच पटली. असल्या लोकांनीच कोकण धुऊन नेलं! मी चढलो. तो चढला. मी दात-ओठ खाऊन चढलो. तो क्षणभर थांबला आणि पुन्हा चढला. मेला माघार घेईना!

"अहो, जेवा आधी," ही म्हणाली.

"इथं कोकणची अब्रू पणाला लागलीय!"

शेवटच्या दहा सेकंदांत मी डोळे मिटून आकडा टाकला. जिंकलो! पेन्शनीच्या हिशेबात तो आकडा कुठे बसवला, ते मात्र विचारू नका.

डबा हळूच घरी यावा अशी माझी इच्छा. पण कुरिअरवाला पडला ओळखीचा. घरी कुलूप बघून त्याने विचार केला, भाऊ यावेळी कुठे असतात ते सगळ्या गावाला माहीत आहे. आला की नेमका सलीमभाईंच्या दुकानात! खोक्यावर चारी बाजूंनी त्या साइटच्या नावाची चिकटपट्टी.

सलीमभाईंनी डोळ्याला लावलेलं भिंग काढलं. "भाऊ? हे काय?"

आता माघार कसली? मी छाती काढून म्हटलं, "ठेवा परत आणलाय. मुंबईच्या एका व्यापाऱ्याच्या तोंडातून काढलाय. शपथ मोडली, कबूल. पण आधी आतला लेख बघा, मग मला बोला."

कांबळे सरांनी चष्मा पुसला, तबक उचललं, डबा उजेडात धरला. चाळीस वर्षं वर्गात कमावलेला तो खणखणीत आवाज, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा.

"चिरंजीव मंदार व चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी स्वाती यांस, शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट. प्रभाकरमामा, रत्नागिरी."

सलीमभाईंनी भिंग पुन्हा डोळ्याला लावून शेवटचं नाव तपासलं.

प्रभाकरमामा म्हणजे कोण, हे सांगायला हवं का? बावीस वर्षांपूर्वी मंदारच्या लग्नाच्या आदल्या दिवशी हिने घाईघाईत डबा निवडला होता, मी फक्त उभं राहून नाव घालून घेतलं होतं. तेव्हा पितळेकडे बघतो कोण!

तिथूनच मंदारला फोन लावला. तो रडकुंडीला आला.

"मामा, चुकी झाली. स्वातीने माळा साफ करताना तो मोडीत घातला हातखंब्याला, कुकर घेतला. तिथून गेला असणार दिल्लीला. तुमचा फोटो बघितला नि लगेच ओळखला. म्हटलं, तुम्हाला कळायच्या आत परत घेऊन टाकू. पण कोणीतरी दिल्लीचा शेठ असा इरेला पेटला होता, ऐकेचना मेला!"

मी फोन ठेवला. शेठने दुसरं काय करायचं?

तरी एक प्रयत्न केला. साइटला तक्रार लिहिली की वस्तू दोनशे वर्षं जुनी नाही, बावीसच वर्षांची आहे. उत्तर ताबडतोब आलं, यंत्राकडून. 'कृपया पुरावा जोडा.' पुरावा होता हो. सहीशिक्क्यासारखा, माझ्याच नावाचा. जोडायचा कसा?

शपथेप्रमाणे सगळ्यात आवडती वस्तू दुकानात ठेवायची होती. मी डबा पुढे केला. सलीमभाई म्हणाले, "नको भाऊ, तुमचा आहेर तुम्हालाच परत आलाय, तो मी कसा ठेवून घेऊ?" आणि डब्याऐवजी घरून माझा सगळ्यात जुना अडकित्ता मागवून ठेवून घेतला.

डबा घेऊन घरी आलो. हिने तबक उचललं, वाचलं, परत ठेवलं. हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "खाली जागा आहे. अजून एक ओळ घालून आणा."

"कसली?"

"प्रभाकरमामांकडून प्रभाकरमामांस, सप्रेम भेट."