पुसलेला फोटो

घाणेरीचं पान बोटांत चुरगळलं की तो उग्र वास येतो आणि मला टेकडीवरची एक रविवार सकाळ आठवते. हिंजवडीत संगणकासमोर आठवडा काढणारे आम्ही पाच-सहा जण तेव्हा दर रविवारी फोटो काढून टेकडीवरच्या फुलपाखरांची यादी करायचो. नवं फुलपाखरू ज्याला पहिल्यांदा सापडेल त्याचं नाव त्यापुढे लिहायचं, असा आमचा रिवाज. एका फुलपाखरासाठी मी मोठी लेन्स घेऊन तीन वर्षं झुडपं धुंडाळत होतो. त्या दिवशी ऑफिसातली एक नवी मुलगी खिशात मावणारा कॅमेरा घेऊन पहिल्यांदाच आली होती. ती घाणेरीपाशी फतकल मारून बसली आणि थोड्या वेळानं माझ्यापुढे स्क्रीन धरून म्हणाली, “सर, हे कोणतं हो?” तेच होतं. पंखांच्या कडेची नारिंगी रेघसुद्धा स्पष्ट आली होती. माझ्या पोटात असं दुखलं की विचारू नका. “साधंच आहे, कुठंही दिसतं,” मी म्हणालो. “मग उडवते, कार्ड भरत आलंय,” म्हणत तिनं तो फोटो पुसून टाकला आणि मी तिला थांबवलं नाही. महिन्याभरानं त्याच झुडपावर ते मला सापडलं. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. तिनं मात्र माझ्या कॅमेऱ्यात बराच वेळ पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “सर, हे साधंच ना?” यादीत त्यापुढे आजही माझंच नाव आहे, आणि तरीही तिला ते पहिल्याच दिवशी दिसलं, हे मला अजून खुपतं.