दत्तारामची दोरी

१९८४ साली सांताक्रूझच्या शारदा निवासात दोन गोष्टी खोल होत्या. एक मागच्या अंगणातली विहीर आणि दुसऱ्या दत्ताराम कांदळगावकरच्या थापा.

बुडालेली जहाजं, तुटलेले नांगर असलं समुद्रातून वर काढणाऱ्या एका कंपनीत दत्ताराम कामाला होता. संध्याकाळी जिन्याखालच्या कट्ट्यावर बसला की सुरू, "ऐंशी फुटांवर स्वतःचा हात दिसत नाही! तेवढ्यात हा एवढा घोळ मासा येतो आणि काचेतून माझ्याकडे बघतो. मी पण बघतो. शेवटी तोच लाजून जातो."

सगळे हसत. आतून मात्र सगळ्यांना त्याचा अभिमान. आपल्या बिल्डिंगीत पाणबुड्या आहे म्हणजे काय!

एवढंच, की पाण्यात उतरायचा तो त्याच कंपनीतला रतन. दत्ताराम वर बोटीत बसून रतनच्या कमरेची दोरी धरायचा. रतन वर आला की ताजा किस्सा पहिला त्याच्याच कानात पडे, आणि सांताक्रूझ येईपर्यंत त्यात रतनच्या जागी 'मी' आलेला असे. मालवणात जन्मूनही या गृहस्थाला पोहता येत नव्हतं.

मग एका गुरुवारी पंपाच्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व्ह तुटून विहिरीच्या तळाशी गेला. सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधर कट्ट्याशी येऊन म्हणाले, "दत्ताराम, घरचा पाणबुड्या असताना बाहेरचा माणूस कशाला? रविवारी सकाळी उतर."

"उतरू की!" दत्ताराम सवयीने बोलून गेला.

त्या रात्री बांगडा ताटात तसाच राहिला. बायको वनमाला म्हणाली, "अहो, बरं वाटत नाही का?" तो म्हणाला, "सर्दी होणारसं वाटतंय." आणि बोलता बोलता त्याला वाट दिसली. सर्दीत पाणबुड्याने उतरायचं नसतं, कान फुटतात. हे तर खरंच होतं!

रविवारी तो कानांत कापूस, गळ्याला मफलर अशा थाटात विहिरीवर हजर. "हा माझा असिस्टंट," म्हणून त्याने रतनला पुढे केलं. रतन गालात हसला, पाठीवर हवेची टाकी चढवून, तोंडात नळी धरून पाण्यात शिरला. दत्तारामने दोरी हातात घेतली.

थोडा वेळ बुडबुडे दिसले. मग दिसेनासे झाले.

"अरे, गेला! ओढा, ओढा!" विद्याधरांनी आणि आणखी दोघांनी दोरीला हात घातला.

"हात सोड मेल्या!" दत्ताराम असा गरजला की त्याच्या कानातला कापूस उडाला. सेक्रेटरीला अरे-तुरे करायची त्याची ही पहिलीच वेळ. "दोरीला हात लावलास तर तुलाच खाली सोडीन!"

बोटांना दोन झटके जाणवले होते. दोन म्हणजे ढील दे. त्याने वीतवीत दोरी सोडली, डोळे मिटून. बऱ्याच वेळाने चार झटके आले. चार म्हणजे वर घे. त्याने सावकाश ओढायला घेतलं.

रतन फूटव्हॉल्व्ह घेऊन वर आला आणि धापा टाकत म्हणाला, "नळी जुन्या गजात अडकली होती यार. कपारीत शिरून सोडवली. वरून खेचलं असतं तर तोंडातनं गेलीच असती. दहा वर्षं हाच दोरी धरतो, म्हणून उतरतो मी. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर बादलीतपण पाय घालणार नाही!"

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली.

"दहा वर्षं?" विद्याधर म्हणाले. "म्हणजे तो घोळ मासा..."

"रतनकडे बघून लाजला," दत्ताराम दोरीची वेटोळी करत खाली मान घालून म्हणाला. "मला पोहतासुद्धा येत नाही."

"ते मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं," गर्दीतून वनमाला म्हणाली. "मनोरीच्या समुद्रावर घोटाभर पाण्यात पँट धरून उभे होते! म्हटलं, सांगतील कधीतरी."

विहीरभर हसू पसरलं. विद्याधरही हसले; मग पुढे झाले आणि दोरीने सोलवटलेल्या दत्तारामच्या तळव्यांकडे बघून त्यांनी स्वतःच्या हाताने चहाचा पहिला कप त्याला दिला.

किस्से काही थांबले नाहीत. फक्त त्यांत रतन परत आला. कधी दत्ताराम रंगात येऊन "मग मी काय केलं..." असं म्हणू लागला, की मागे बसलेली वनमाला त्याचा शर्ट हळूच ओढायची, मोजून चारदा.

"म्हणजे, रतनने काय केलं..." दत्ताराम निमूट वर यायचा.